चिकटवायला का ठेवायला

खिडकीपलीकडचा पोरगा विचारतो,
"चिकटवायला पायजेत का ठेवायला, ओ मॅडम?"
आणि मला उत्तर येत नाही.
मागे राख्यांची पाकिटं घेतलेल्या दोघीजणी,
एक पेन्शनर, पंख्याची खडखड.
बावन्न वर्षांची बाई मी,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासते,
इंचात धागे किती, बघता बघता सांगते.

"ठेवायला," म्हटलं शेवटी, हळूच,
औषधाच्या दुकानात म्हणावं तसं.

वही शिलाई मशीनच्या खणात होती,
बॉबिनींच्या खाली, अडतीस वर्षं.
हंगेरीवर तेलाचा डाग पडलाय.
नायना एक्स्पोर्टवाल्यांकडे पॅकिंगला होते,
केराच्या टोपलीतून पाकिटांचे कोपरे फाडून आणायचे,
रिकाम्या डब्यात घालून.
म्हणून माझ्या पूर्व जर्मनीला
अजून शेंगाचटणीचा वास येतो.
येत नसेल. मला येतो.

'मग्यार' हा देश आम्ही वर्षभर शोधला,
मी आणि इरेश, वर्गातल्या नकाशावर,
बोटांनी युरोप काळा होईपर्यंत.
इरेश म्हणाला, बुडाला असंल.
मी मान्य केलं. एक देश कमी.

तिकिटं सोडवायला वाटीभर पाणी लागायचं.
अम्मा कावायची, नळाला चार दिसानं पाणी
आणि ही कागदं भिजवतीय!
मग तेच पाणी कढीपत्त्याला.
आमच्या कढीपत्त्यानं जगभरचा डिंक प्यायलाय.

आता मंगोलियाचं सांगते.
त्रिकोणी होतं, उंटाचं, इरेशचं.
सगळ्या बाळीवेशीत त्रिकोणी तेवढं एकच.
मी बोटावर घेऊन नीट बघितल्यासारखं केलं,
म्हटलं, दाता तुटलाय रे याचा,
फुकट गेलं हे.
त्याचा चेहरा पडला.
तीन साधी दिली मी त्याला, वर उपकार केल्यासारखी.
दाता तुटला नव्हता.
मी बघितलंच नव्हतं खरं तर.

परवा कारखान्यातलं भिंग घरी आणलं,
धागे मोजायचं, पितळी, घडीचं,
आणि उंटाच्या कडेनं एकेक दाता मोजत गेले,
एक बाजू, दुसरी बाजू,
तिसऱ्या बाजूला, शेपटीच्या खाली,
एक नाही.

परत मोजलं. लाइट गेली, टॉर्च लावून मोजलं.
एक नाहीच.
तेव्हापासून नव्हता?
की इतक्या वर्षांत बॉबिनींनी खाल्ला?
कोणाला विचारणार?
टॉवेलात असं निघालं तर मी खडूनं गोल करते,
सेकंड मालात टाकते, विषय संपतो.

पोरानं दोन तिकिटं दिली, पक्ष्यांची,
प्लास्टिकच्या पिशवीत, वाकवू नका म्हणाला.
दारात येईपर्यंत मला ठाऊक होतं
की मी पुन्हा खोटं बोलले.

रात्री एक पक्षी पाकिटावर चिकटवला.
आत उंट, ट्रेसिंग पेपरात.
सोबत चिठ्ठी. चार वेळा लिहिली,
दाता खरंच तुटलाय, यापुढं जाईना.
खाली नाव घातलं भाग्यलक्ष्मी गुंडेटी,
माहेरचं, नाहीतर तो ओळखणार कसा.
पत्ता: इरेश शिवपुजे, कन्नड शाळेसमोर, बाळीवेस.
शाळा आहे का अजून, माहीत नाही.
तो आहे का, हे मी
लिहून झाल्यावर मनात आणलं.

दुसरा पक्षी वहीत ठेवलाय,
मंगोलियाच्या रिकाम्या जागेवर नाही, शेजारी.
पाकीट मशीनवर पडून आहे,
पाय बसतील तिथं बसतील म्हणून कात्री ठेवलीय वर.
पहाटे तीनला पाणी येणार, पिंप धुवायचंय.